हलक्या पाठीनें विशाळगड

आषाढ लागला कीं पन्हाळ्याहून पावनखिंडीच्या वाटेनें विशाळगडास पायीं जाणाऱ्या मंडळींची रीघ लागते. १६६० सालीं जुलै महिन्यांत सिद्दी जौहराचा वेढा चुकवून शिवाजीमहाराज ज्या वाटेनें निघाले, आणि जिच्यावरील घोडखिंडींत बाजीप्रभु देशपांडे यांनीं देह ठेवला, ती वाट आपल्या पायांनीं चालावी ही इच्छा स्तुत्यच होय. परंतु घरोघर चाललेली तयारी पाहिली म्हणजे वाटतें कीं, ही मंडळी रानांत चालावयास निघालीं नसून बिऱ्हाड हलवावयास निघालीं आहेत. आम्ही ही वाट दोन मुक्काम करून, तीन दिवसांत, अशी तीन वेळां चाललों आहों. शेवटची फेरी साठी उलटल्यावरची. तेव्हां पाठीवर काय घ्यावें व काय घेऊं नये, याविषयीं चार शब्द सांगण्यास हरकत नसावी.

प्रथम वाट कशी आहे तें ध्यानांत घ्यावें. राजदिंडीनें पन्हाळा उतरून म्हाळुंग्यावरून मसाई पठारावर आलें कीं लांबच लांब उघडा माळ लागतो. तेथें आडोसा असा नाहींच. वारा आणि पाऊस दोन्ही आडवे येतात. पुढें खोतवाडी, करपेवाडी अशा वाड्या, भाताचीं खाचरें, ओढे, आणि मधूनमधून भर दुपारीं संध्याकाळ वाटावी असें दाट रान. पांढरपाण्याच्या पुढें खिंड येते. पन्हाळ्यापासून तेथवर सुमारें ५० किलोमीटर चाल होते आणि त्यांतील बरीचशी चिखलांतून.

हा प्रदेश उष्ण कटिबंधांत मोडतो, म्हणून थंडीची भीति नाहीं असें पुष्कळांस वाटतें. हा मोठा गैरसमज होय. हवा २० अंशांच्या आसपास असली तरी भिजलेल्या अंगावरून वारा वाहूं लागला म्हणजे अंगांतील ऊब झपाट्यानें निघून जाते. मागील फेरींत आमच्या सोबत पंचविशींतला एक धडधाकट गृहस्थ होता. त्याच्या पिशवीचें वजन १४ किलो भरलें होतें. तींत नऊ कपडे होते. पिशवीवरचें आवरण वाऱ्यानें उडालें आणि नऊही कपडे भिजले. पठार संपतां संपतां तो थरथरूं लागला, त्याची जीभ अडखळूं लागली, आणि तो एका दगडावर बसला तो उठेना. आम्हीं आपल्या पिशवींतील एकुलता कोरडा जोड त्यास घातला, वरून प्लॅस्टिकचें कापड गुंडाळलें आणि त्यास हळूहळू वाडीपर्यंत नेलें. तेथें चुलीपाशीं बसवून गोड चहा पाजल्यावर तो सावरला. तोंवर त्याचें ओझें आम्हां चौघांच्या पाठींवर आलें होतें. रानांत एकानें घेतलेलें जास्त वजन शेवटीं सर्वांसच वाहावें लागतें, हें त्या दिवशीं सर्वांस पटलें.

म्हणून कपड्यांचा नियम एकच. एक जोड भिजण्याचा, एक जोड झोपण्याचा. दिवसभर पहिल्या जोडानेंच चालावें. मुक्कामीं अंग पुसून दुसरा चढवावा, आणि सकाळीं पुन्हा तो ओला जोडच अंगांत घालावा. हें व्रत कठीण आहे. परंतु जो सकाळीं मोहानें कोरडा जोड घालून निघतो, त्यास रात्रीं कोरडें असें कांहींच उरत नाहीं. चालण्याचा जोड सुती नसावा. सुती कापड आपल्या वजनाहूनही अधिक पाणी धरूं शकतें. पॉलिएस्टरचा तंतु पाणी जवळजवळ शोषीत नाहीं, म्हणून तो लवकर वाळतो. पिशवीच्या बाहेरील आवरणावर भिस्त न ठेवतां आंत जाड प्लॅस्टिकची मोठी थैली घालून, तिचें तोंड पिळून दुमडावें.

वजनाचें प्रमाण शरीरभाराच्या दशांशाएवढें ठेवावें. ६० किलो वजनाच्या मनुष्यानें ६ किलो उचलावें. रिकामी पिशवी १ किलो, कोरडा जोड, पातळ पांघरूण व पावसाळी अंगरखा मिळून २, खाद्य १, पाणी १ लिटर, म्हणजे १ किलो, औषधें, विजेरी व किरकोळ वस्तु १. अधिक पाणी वाहण्याचें कारण नाहीं. वाटेंत मिळेल तें फडक्यानें गाळून, त्यांत शुद्धीकरणाची क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास ठेवावें. खाद्य निवडतांना त्यांतील पाणी पाहावें. केळ्याच्या गरांत सुमारें तीन चतुर्थांश पाणीच असतें. उलट स्निग्ध पदार्थाच्या १ ग्रॅमांत सुमारें ९ उष्मांक व साखरेच्या १ ग्रॅमांत ४ असतात. म्हणून शेंगदाणे आणि गूळ यांची जोडी आमच्या पूर्वजांनीं कांहीं उगीच जमविलेली नाहीं.

वैयाकरणांस सूत्रांतील अर्धी मात्रा वाचली तरी पुत्रजन्माइतका आनंद होतो, अशी शास्त्रीमंडळींत म्हण आहे. पण सूत्रांतून शब्द गाळतां येतो, तो मागील सूत्रांतून अनुवृत्तीनें मिळतो म्हणून. कोठूनच मिळत नसेल, तर तें लाघव नव्हे. तो दोष होय. ओझ्यालाही हाच न्याय लागतो. वाडींतील पडवी व रात्रीचें जेवण आधीं ठरविलें असेल, तर तंबू, स्टोव्ह आणि शिधा खुशाल गाळावा. विजेरी, शिटी आणि नित्याचीं औषधें रानांत कोणी देणार नाहीं. तीं गाळूं नयेत. संकटांत मिनिटास ६ शिट्या द्याव्या, मिनिटभर थांबावें आणि पुन्हा द्याव्या, हा संकेतही सर्वांस ठाऊक असावा.

ज्ञानानेंही ओझें कमी होतें. जळू लागली तर घाबरूं नये. तिच्या तोंडाखालून नख सरकवून ती सोडवावी. तिच्या लाळेमुळें रक्त लवकर गोठत नाहीं, म्हणून तें थोडा वेळ वाहतें इतकेंच. स्वच्छ फडक्यानें दाबून धरावें. फुरसें किंवा दुसरा साप चावल्यास चिरूं नये, चोखूं नये, करकचून बांधूं नये; अवयव स्थिर ठेवून रोग्यास प्रतिविष असलेल्या रुग्णालयांत न्यावें. एवढें ठाऊक असलें म्हणजे पातीं, दोऱ्या आणि गुणकारी म्हणून विकल्या जाणाऱ्या कुप्या घरींच राहतात. जोडे पाणी आंत न येणारे शोधूं नयेत, आलेलें पाणी बाहेर जाऊं देणारे शोधावे. रात्रीं मात्र पाय पुसून, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून, खोबरेल लावावें.

आतां घरच्या वडीलधाऱ्यांस एक विनंति. निघणाऱ्या मुलाच्या पिशवींत आजी लाडवांचा डबा घालते, आई आणखी एक स्वेटर घालते, काकू लोणच्याची बरणी कोंबते. ही प्रीतिच आहे. पण ती वाहावयाची असते त्या मुलास, तीही निसरड्या उतारावरून. निघण्यापूर्वीं दोन दिवस पिशवी तागडीला लावावी आणि सर्वांनीं मिळून तींतून वस्तु काढाव्या. प्रत्येक वस्तूस विचारावें कीं, तूं नसलीस तर काय होईल? ‘गैरसोय होईल’ असें उत्तर आलें तर ती घरीं ठेवावी. ‘जिवावर बेतेल’ असें आलें तर ती न्यावी.

आणि लाडवांच्या डब्याऐवजीं घरच्यांनीं एक कागद मागून घ्यावा. त्यावर सोबत्यांचीं नांवें, दोन्ही मुक्कामांच्या वाड्या आणि परतण्याचा दिवस लिहिलेला असावा. रानांत दूरध्वनि लागेलच असें नाहीं. ठरल्या दिवशीं निरोप आला नाहीं, तर शोध कोठून सुरू करावा हें त्या कागदामुळें कळतें. तो देवघरापाशीं ठेवावा, आणि मुलगा घरीं येऊन पायांचा चिखल धुऊं लागला म्हणजे मगच फाडावा.