पातं रोवायचं

बारा वर्षं पोहलेला माणूस रेसिंग कयाकमध्ये बसला की पहिल्या मिनिटात उलटतो. मीही उलटलो, मुळेच्या पात्रात, जलपर्णीच्या कडेला. त्या सकाळी सहा वेळा. पाण्याची भीती नव्हती, एवढीच पोहण्याची पुण्याई. बाकी सगळं शरीर चुकत होतं.

पोहताना पाणी आपल्याला सगळीकडून धरून असतं. इथे पाण्यावर बसायचं, तेही कंबरेएवढ्या अरुंद होडीत; एक खांदा आवळला तरी ती डुगडुगते. शिवाय मी वल्हं दंडानं ओढत होतो. खरा जोर पायातून येतो. उजवीकडे पातं पडलं की उजवा पाय समोरच्या फळीवर दाबायचा, त्यानं कंबर वळते, पाठ उलगडते. हातानं नुसतं धरून ठेवायचं. हे कळायला एक दिवस लागला, अंगात यायला दोन हिवाळे.

त्या काळात मी लिसा कॅरिंग्टनच्या शर्यती आवाज बंद करून पाहायचो. न्यूझीलंडमध्ये ओहोपेच्या किनाऱ्यावर वाढलेली ही मुलगी आधी सर्फ लाइफसेव्हिंग करायची, म्हणजे लाटांमधून पोहणं, बोर्ड, सर्फ स्की. तिथून ती सपाट पाण्यावरच्या कयाकमध्ये आली. २०११ मध्ये जगज्जेती, २०१२ मध्ये लंडनला २०० मीटरचं सुवर्ण. टोकियोनंतर ती २०० मीटरची शर्यतच ऑलिंपिकमधून गेली. पॅरिसला तिनं ५०० मीटरच्या तिन्ही शर्यती जिंकल्या. एकूण आठ सुवर्णं! पदकांपेक्षा मला तिचं पातं महत्त्वाचं वाटतं. ते पूर्ण बुडाल्याशिवाय ती जोर लावत नाही. एवढ्या वेगातही तो क्षणभराचा धीर तिच्याकडे असतो. उसळत्या समुद्रात पाण्याची पकड शोधत वाढलेल्या माणसाकडेच तो येत असावा, असं मला मनापासून वाटतं.

पातं पाण्यात रोवण्याच्या या क्षणाला कयाकवाले ‘कॅच’ म्हणतात. पोहण्यातही हाच शब्द. टँकवर आमचे सर काठावरून ओरडायचे, “पाणी मागे ढकलू नकोस रे, हात रोव आणि तू पुढे जा!” मी मान डोलवायचो आणि पाणी ढकलत राहायचो.

परवा बऱ्याच महिन्यांनी टँकमध्ये उतरलो. पहिल्याच फेरीत डावा हात पुढे गेला, कोपर वर राहिलं, तळवा पाण्यात रुतला. आणि मी त्याच्यावरून पुढे सरकलो.