कुठे अडलंय?

रमजानच्या शेवटच्या आठवड्यात आमचं वॉशिंग मशीन भिजल्या कपड्यांसकट थांबलं. पडद्यावर अक्षरं आली, ‘ओई’. अम्मी म्हणाली, “गेलं मशीन.” मेकॅनिकने फोनवरच, न पाहता, पंप बदलायला सांगितलं. ईदचा खर्च तर समोर उभा!

मी पुस्तिका काढली. आमच्या मशीनमध्ये ओई म्हणजे पाणी बाहेर जात नाही. आयई म्हणजे आत येत नाही. कंपनीगणिक कोड बदलतात, म्हणून आपल्याच मशीनची पुस्तिका पाहावी. आधी प्लग काढला. पाइप कुठे दुमडला नव्हता. मग खालचं झाकण उघडून छोट्या नळीने पाणी परातीत काढलं आणि फिल्टर फिरवून बाहेर घेतला. आत धाग्यांचा गोळा, स्कार्फची पिन आणि लाल पेनाचं टोपण. टोपण माझ्याच खिशातलं! सगळं धुऊन बसवलं, मशीन सुरू झालं.

मशीन निदान कुठे अडलंय ते सांगतं. मी मात्र त्याच लाल पेनाने उर्दू माध्यमातल्या एका मुलाच्या मराठीच्या वहीवर फक्त ‘कच्चा’ लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बसवून वाचायला लावलं. तो फक्त जोडाक्षरांपाशी अडत होता.