वाडीवरची कणगी

मुंबईहून पुण्याला जाणाऱ्या माणसाला कर्जत म्हणजे काय, असे विचारा. तो डोळे मिटून सांगेल, बटाटेवडा! घाट चढण्यासाठी गाडीच्या पाठीशी जादा इंजिने जोडतात. त्या घटकाभराच्या विसाव्यात खिडकीतून हात बाहेर काढून वडा घ्यावा, तोंड पोळेल न पोळेल अशा बेताने खावा आणि घाट लागेपर्यंत बोटे पुसून मोकळे व्हावे, एवढाच बहुतेकांचा या तालुक्याशी संबंध. गंमत अशी की, त्या वड्यातला बटाटा कर्जतचा नव्हेच. तो घाटावरून खाली उतरलेला. कर्जतचे स्वतःचे पीक भाताचे.

आणि भातही साधेसुधे नव्हे. येथे १९१९ सालापासून भाताचे संशोधन चालले आहे. ते केंद्र आज दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे, आणि 'कर्जत-१८४' सारखी तिथून निघालेली बियाणी कोकणभर पेरली जातात. गावाचे नाव तांदळाला लागावे, हा मान काही थोडा नव्हे. शिवाय भिवपुरीला टाटांचे वीजघर आहे. घाटमाथ्यावरच्या धरणाचे पाणी नळांतून कोसळते, वीज मुंबईला जाते आणि पाणी मागे राहते. ते पेज नदीत पडते, राजनाल्यातून शेतांत जाते, आणि सारे कोकण वैशाखात करपलेले असताना कर्जतच्या काही गावांत मात्र उन्हाळी भाताची हिरवी पाती डोलत असतात.

हे सारे सखल भागातले. नदीकाठ सोडून डोंगराच्या बाजूला वळले की दुसरे कर्जत सुरू होते, आणि तेच शेजारच्या खालापुराचेही. पाताळगंगेच्या काठी कारखाने, डोक्यावरून सुसाट धावणारा द्रुतगती मार्ग, आणि त्याच्याही वर डोंगराच्या कुशीत ठाकरांच्या आणि कातकऱ्यांच्या वाड्या. ठाकरांकडे निदान वरकस जमिनीचा तुकडा असतो. उतारावर नाचणी, वरी होते, खाचरात थोडे हळवे भात निघते. कातकऱ्याकडे बहुधा तेही नाही. खैराचा कात काढणारी ही जमात. कात गेला, मग जंगल गेले, आणि आता दिवाळी झाली की बायकापोरांसह वीटभट्टीवर जायचे, एवढाच पंचांगातला मुहूर्त त्याच्याकरता उरला आहे.

या वाड्यांवर वर्षाचे दोन भाग पडतात. एक खायचा आणि एक काढायचा. पौष-माघापर्यंत घरचे धान्य पुरते. फाल्गुन-चैत्रात मोहाची फुले, करवंदे, मजुरी. ज्येष्ठात बियाणे मातीत जाते, आणि आषाढ-श्रावणात, म्हणजे लावणीच्या चिखलात माणूस कमरेतून मोडत असतो नेमके तेव्हा, घरातली कणगी रिकामी असते. हळवे भात हाती यायला अजून दोन-अडीच महिने असतात. या दिवसांसाठी जे धान्य उसने आणायचे त्याला खावटी म्हणतात. खाण्यासाठी म्हणून खावटी. शब्द किती निष्पाप! पण त्याच्या पाठीमागे उभे असलेले दोन शब्द तितके निष्पाप नाहीत. ते म्हणजे सवाई आणि दिढी.

वर्गात पेशवाई आली की मुलांना मी सांगते, सवाई म्हणजे सव्वापट. सवाई माधवराव म्हणजे थोरल्यापेक्षा पावपट अधिक, असा गौरव. डोंगरातल्या माणसाला हे व्याकरण मुळीच शिकवावे लागत नाही. सवाईने ४० किलो आणले तर ५० फेडायचे, दिढीने आणले तर ६०. तेही वर्षाने नव्हे, चार-पाच महिन्यांनी. शहरातल्या पेढीने असा दर लावला तर आपण अग्रलेख लिहू. आणि फेडता आले नाही तर पुढच्या वर्षीचे भात उभ्या शेतातच गहाण, किंवा अंगमेहनत.

या जात्यातून माणूस सोडवावा असे वाटणारे लोक याच मातीत पूर्वीही निघाले. माथेरानच्या एका गरीब नाभिक कुटुंबात १९१२ साली जन्मलेले विठ्ठल लक्ष्मण कोतवाल वकील झाले. पण वकिलीच्या खुर्चीपेक्षा वाड्यापाड्यांत जास्त रमले. शाळा काढल्या, आणि शेतकऱ्याला सावकाराचा उंबरा झिजवावा लागू नये म्हणून धान्याची कोठारे काढली. पुढे बेचाळीसच्या चळवळीत 'आझाद दस्ता' उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडणारे, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात हिराजी पाटलांसह गोळ्यांना बळी पडलेले भाई कोतवाल ते हेच. त्यांची स्मारके आहेत, जयंती होते, भाषणेही होतात. त्या भाषणांत मनोरे येतात, कोठारे फारशी येत नाहीत. वीरकथेत धान्याच्या पोत्याला जागा कुठली!

पण कल्पना मेली नाही. कर्जतहून मुरबाडच्या रस्त्याला कशेळे लागते. तिथे 'अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स' नावाची संस्था आहे. नाव असे भारदस्त असले तरी तिचे एक मोठे काम अगदी घरगुती होते: वाडीने आपली धान्य बँक काढायची. सुगीत सर्वांनी कोठीत धान्य घालायचे, पावसाळ्यात गरजेप्रमाणे उचलायचे, नवे भात आले की वाढाव्यासकट परत करायचे. वाढावा सावकाराच्या माडीवर न जाता वाडीच्याच कोठीत राहतो. संस्थेने त्याबरोबर डोंगरातली जुनी भाताची बियाणी आणि औषधी वनस्पतीही जपल्या. सरकारनेही आपल्या परीने हात लावला होता. आदिवासी विकास महामंडळाची खावटी कर्ज योजना १९७८ ची, आणि केंद्राने आदिवासी गावांसाठी ग्राम धान्य बँकांची योजना आणली ती १९९६-९७ मध्ये. सरकारी योजनांचे आयुष्य फायलीच्या दोरीइतके असते. वाडीतली कोठी टिकते ती वाडीने मनात आणले तर.

ती कशी टिकते हे पाहायला यंदा आषाढात मी गेले. माझा एक जुना विद्यार्थी त्या भागात शिक्षक आहे, तो बरोबर होता. वाडीचे नाव मी मुद्दामच देत नाही. पुढे जे घडले ते चारचौघांच्या घरातले आहे.

चढणीवर दोन बायका पाट्या घेऊन उतरताना भेटल्या. पाटीत फोडशी, कुर्डू, टाकळा, वर चार-दोन कंटोली. ज्येष्ठात याच पाट्यांत शेवळे असतात. शेवळांची मुंबई-ठाण्यात कायस्थांच्या आणि पाठारे प्रभूंच्या घरी कोण मातब्बरी! सोबत काकडाची आंबट फळे हवीत, नाहीतर घसा असा खाजतो की गृहिणीचे सात जन्म आठवावेत. मी विचारले, "घरी ठेवलीत का थोडी?"

"कंटोली नाय ठेवत बाई," त्यातली एक म्हणाली. "ती इकायची. घरला टाकळा."

२०२० पासून कृषी खाते ९ ऑगस्टच्या सुमारास रानभाज्यांचे महोत्सव भरवते. मांडव असतो, भाज्यांवर चिठ्ठ्या असतात, अमुक भाजीत लोह किती ते लिहिलेले असते. चांगलेच आहे ते. शहरातली माणसे टाकळा ओळखायला लागली, बायकांना चार पैसे मिळाले. परंतु कंटोली खाली उतरतात आणि अंगणवाडीच्या काट्यावर वाडीतले मूल हलके भरते, हे दोन्ही एकाच पायवाटेवर घडते, ते त्या चिठ्ठीवर लिहिलेले नसते. शिवाय पायवाटेच्या दोन्ही बाजूंना आता तारांची कुंपणे आहेत. मुंबईकरांची शेतघरे! आत हिरवळ कापायचे यंत्र घरघरत होते. फोडशी उगवायची ती जागा आता कुंपणाच्या आत आहे, असे माझा विद्यार्थी म्हणाला. माळ्याला ती गवत वाटते, तो उपटून टाकतो.

कोठी म्हणजे कुडाची एक खोली. आत तीन कणग्या, बांबूच्या कामट्यांनी विणलेल्या, शेणाने लिंपलेल्या, उंदरांपासून जपण्यासाठी दगडांवर चढवलेल्या. पहिलीत भात, दुसरीत नाचणी, आणि तिसरी, सर्वांत लहान, बियाण्याची. तिच्या तोंडावर मातीचे लिंपण अजून ओले होते. पेरणी झाल्यावर उरलेले बी पुन्हा बंद केलेले. बाहेर पडवीत वीस-पंचवीस माणसे बसली होती, पैकी बायका जास्त. कणगी उघडण्याचा दिवस होता तो.

पहिला प्रश्न एका म्हाताऱ्या ठाकराने विचारला, आणि तो माझ्याही मनात होता. "रेशनचा तांदूळ आता फुकट मिळतोय. मग ह्यो खटाटोप कशापायी?"

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने धान्याचा हक्क दिला आणि २०२३ पासून ते धान्य मोफत झाले, ही गोष्ट लहान नाही. वाडीवरच्या उपासाची धार तिने खरोखर बोथट केली आहे. तेव्हा म्हातारा काही वेडगळ बोलत नव्हता. कोणी म्हणाले, तो तांदूळ महिना पुरत नाही. कोणी म्हणाले, अंगठा उमटत नाही. मग कोठीची वही लिहिणारी, बारावीपर्यंत शिकलेली मुलगी म्हणाली, "आजा, तो तांदूळ खाता येतो. पेरता येतो का?"

सोललेला तांदूळ रुजत नाही हे त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार! तो हसला आणि तंबाखू मळू लागला. रेशनवर वाडीची नाचणी नसते, वरी नसते, उडीद नसतो. लहान मुलाला आंबील द्यायची तर ती दुसऱ्या कणगीतूनच.

दुसरा प्रश्न अवघड होता. वाडीच्या टोकाला कातकऱ्यांची तीन घरे आहेत. त्यातल्या एकाने गेल्या आषाढात ८० किलो भात उचलले होते. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर गेले. भट्टीवाल्याची उचल अंगावर होती. सहा महिने विटा थापून ती फिटली, पण हाती काही उरले नाही. वैशाखात परतले ते रिकाम्या हाताने. आता घरातली बाई पुन्हा धान्य मागायला आली होती. कडेवर मूल, पडवीच्या बाहेर, पागोळ्यांखाली उभी. आत या, असे कोणी म्हणत नव्हते आणि ती येतही नव्हती.

"कोठीला भोक पडलं तर उंदीर एकटा येत नाय," कोणीतरी म्हणाले. याला सोडले तर उद्या दहाजण बुडवतील. हेही खरेच होते. बुडालेल्या धान्य बँका मी काही पाहिलेल्या नाहीत; पण बुडालेल्या पतपेढ्या पाहिल्या आहेत, आणि त्या अशाच बुडतात.

मग एका तरुणाने तोड सुचवली. गेल्या वर्षीचे धान्य त्यांनी कामात फेडावे. समितीतल्या लोकांची लावणी करून द्यावी, हिशेब चुकता. दोन-तीन माना डोलल्या. मलाही क्षणभर ते सरळ वाटले.

भिंतीला टेकून बसलेली एक म्हातारी इतका वेळ गप्प होती. तिने विचारले, "कामात फेडायचं, तर सावकार काय वंगाळ होता?"

पडवीत कोणी बोलेना. पावसाचा तेवढा आवाज. माझ्या विद्यार्थ्याने नंतर मला सांगितले की, या म्हातारीचा बाप पाच पायल्यांच्या दिढीपायी जन्मभर एकाच्या घरी राबला होता.

तासाभराने ठरले ते असे: जुने ८० किलो तीन सुग्यांत फेडायचे, त्यावर सवाई नाही. यंदा ८० न देता ४० द्यायचे, त्यातली निम्मी नाचणी, कारण घरात लहान मूल आहे. ते सवाईनेच. दिवाळीला भट्टीवर निघण्याआधी वाडीत भाताची कापणी असते. तिथे मिळेल त्या मजुरीतून जेवढे जमेल तेवढे कोठीत टाकून जायचे. आणि बियाण्याची कणगी कोणीही, कशासाठीही, खाण्याकरता उघडायची नाही. तरुणाला हे पसंत नव्हते. "पुढल्या साली बघाल," तो म्हणाला, आणि उठून गेला. तो चुकीचे म्हणतो असे मला छातीठोकपणे सांगता येणार नाही.

कोठीत तराजू आहे. तरीही म्हातारीने मापाला लाकडी अधोलीच घेतली. वहीत किलो, हातात अधोली. बाहेरची बाई आत आली, मूल खाली ठेवून तिने पोत्याचे तोंड धरले. म्हातारीने पहिली अधोली शीग लावून भरली. आमच्याकडे आजोळी खळ्यावर ऐकलेला शब्द कितीतरी वर्षांनी कानावर पडला. एक म्हणायचे नाही.

"लाभ," म्हातारी म्हणाली, आणि अधोली पोत्यात रिती केली. "दोन. तीन."

पोते धरणाऱ्या बाईचे ओठही तिच्याबरोबर हलत होते. मूल जमिनीवर सांडलेली नाचणी एकेक दाणा करून वेचत होते. ठरलेली मापे पुरी झाल्यावर म्हातारीने अधोली उलटी केली, बुडाला दोन थापा मारल्या, आणि वहीवाल्या मुलीला म्हणाली, "मांड."