रात्री दहाचे जेवण

प्रवासवर्णने वाचण्याची मला जुनी हौस आहे. तिकीट नको, पासपोर्ट नको, सामानाची चिंता नको. फराळाचे ताट पुढ्यात घ्यावे आणि चकलीच्या पहिल्या तुकड्याबरोबर साता समुद्रांपलीकडे जाऊन पोचावे. डोंबिवलीहून सुटणाऱ्या कोणत्याही गाडीपेक्षा हा प्रवास सुखाचा. कारण त्यात बसायला जागा मिळते.

यंदा असे एक वर्णन मला पत्रातून लाभले. माझा एक जुना विद्यार्थी नोकरीनिमित्त अर्जेंटिनात, ब्वेनोस आयरेस शहरी गेला आहे. त्याची आई आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. तेव्हा पत्राचे वाचन आमच्या दिवाणखान्यात, चहाबरोबर, जाहीरपणे झाले.

पत्र मोठे बहारीचे होते. तिकडे ऋतू उलटे. आपली दिवाळी म्हणजे त्यांचा वसंत. नोव्हेंबरात रस्तेच्या रस्ते जाकरांदाच्या फुलांनी जांभळे होतात. 1919 साली बांधलेल्या एका भव्य नाट्यगृहात आता पुस्तकांचे दुकान आहे, आणि जिथे नट उभे राहत त्या रंगमंचावर लोक कॉफी पीत बसतात. ‘माते’ नावाचे एक कडू पेय तिथे सर्वांच्या आवडीचे. दुधीसारख्या फळाच्या पोकळ तुंबड्यात पाला घालून वर गरम पाणी ओततात आणि धातूच्या एकाच नळीने सगळी मित्रमंडळी आळीपाळीने ते ओढतात.

“म्हणजे उष्टंच की!” त्याची आई म्हणाली. नाव ऐकून तिला जरा बरे वाटले होते, तेवढ्यात ही नळी आडवी आली.

पुढे त्याने मोठ्या नवलाने लिहिले होते, “सर, इथे लोक रात्री नऊ-दहाला जेवतात!”

यावर आमच्या सौभाग्यवती शांतपणे म्हणाल्या, “त्यात कसलं नवल? आपल्या इमारतीत निम्मी घरं दहालाच जेवतात.”

मी वाचता वाचता थांबलो. खरेच की! उद्या ब्वेनोस आयरेसचा कुणी पाहुणा डोंबिवलीस आला, तर तोही आपल्या वहीत नेमके हेच वाक्य लिहील. परंतु तिकडे उशिरा जेवणे ही रीत आहे, गप्पांत रंगण्याची सवय आहे. इकडे पोळ्या केव्हाच्या झालेल्या असतात. मुंबईहून माणूस यायचा असतो. प्रवाशाला घड्याळातले दहा दिसतात. दहा का वाजले, ते दिसत नाही.

आमच्या या भागाला असे प्रवासी काही नवे नाहीत. मार्को पोलोने तेराव्या शतकाच्या अखेरीच्या ठाण्याचे वर्णन केले आहे. तिथला चामड्याचा आणि सुती कापडाचा व्यापार त्याने टिपला, आणि चाच्यांशी संधान बांधून लुटीतले घोडे स्वतःकडे घेणारा राजाही टिपला. पुढे 1321 च्या सुमारास ओडोरिक नावाचा इटलीचा ख्रिस्ती साधू ठाण्यास उतरला. 1330 साली मायदेशी परतल्यावर त्याने आपली हकीकत लिहवून घेतली. तीत तो सांगतो की, इथले उंदीर कुत्र्याएवढे असून त्यांना पकडणे मांजरांच्या आवाक्यातले नाही. ते काम कुत्रीच करतात. बिचाऱ्याने आपली घूस पाहिली असावी! सातशे वर्षे होऊन गेली, ती घूस अजून छापली जाते आहे. पण त्याच ठाण्यात खाडीवर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत एखादी बाई संध्याकाळी दारात उभी असेल, तिच्याविषयी अक्षर नाही.

पत्राच्या शेवटी एक लहानशी ओळ होती. तिथेही सकाळी उपनगरांतून गाड्या भरभरून शहरात येतात; 22 फेब्रुवारी 2012 रोजी अशीच एक गाडी ओन्से स्थानकात थांबू न शकता फलाटाच्या टोकाच्या अडथळ्यावर आदळली आणि 51 माणसे गेली. एवढे लिहून तो पुन्हा फुलांकडे वळला होता.

आमच्या दिवाणखान्यात मात्र कुणी फुलांकडे वळले नाही. 9 जून 2025 ची सकाळ सर्वांनाच आठवली. मुंब्रा आणि दिवा यांच्या दरम्यान, शेजारून जाणाऱ्या दोन गाड्यांच्या दारांत लोंबकळणारे प्रवासी खाली पडले आणि त्यांतले काही घरी परतलेच नाहीत. त्या सकाळी आमच्या जिन्यात एकही दार बंद नव्हते. जो तो फोन कानाला लावून उभा होता. ज्याचा फोन लागे, तो आपल्या माणसाशी दोन शब्दही धड बोलत नसे. “बरं, ठेव,” एवढेच म्हणे आणि खाली बसे.

बराच वेळ कुणी बोलले नाही. मग त्याच्या आईने विचारले, “सर, तो कचेरीत कसा जातो, ते लिहिलंय का हो त्यात?”

मी चारही पाने पुन्हा चाळली. लिहिलेले नव्हते.

त्याच रात्री मी उत्तर धाडले. तुझे पत्र सर्वांना फार आवडले, असे लिहिले, आणि ते खरेच होते. खाली एवढेच जोडले: “तू कामावर कसा जातोस आणि किती वाजता घरी पोचतोस, हे पुढच्या पत्रात पहिल्या ओळीत लिही. मग खुशाल जाकरांदाकडे वळ. आम्ही सगळे ऐकायला बसलोच आहोत. अर्थात रात्री दहानंतर, सगळी माणसे घरी आल्यावर.”