फोटोतलं नाक

मैत्रिणींनो, घरात लग्नाची मुलगी असली की पत्रिकेआधी फोटोची घाई होते, हे तुम्हांला का मी सांगायला हवं!

गेल्या दिवाळीत माझ्या नणंदेची मुलगी आमच्याकडे वाशीमला आली होती. तिनं मोबाइलवर स्वतःच काढलेला फोटो एका स्थळाकडे गेला होता. निरोप आला, "मुलीचं नाक जरा मोठं वाटतं." त्याआधीच्या स्टुडिओतल्या फोटोत तिला इतकी गोरी केली होती, की पाहुणे एकदा फोटोकडे अन् एकदा तिच्याकडे बघत राहिले होते. पोर आरशापुढून हलेना. "मामी, माझं नाक खरंच एवढं मोठं आहे काय?"

माझ्या पोटात कालवलं. जवळची वस्तू मोठी दिसते, लांबची लहान, हे मी शाळेत मुलांना चित्र काढून शिकवते. पण फोन हाती आला की आपण सगळ्याच ते विसरतो. हातभर अंतरावरून फोटो काढला, की नाक कॅमेऱ्याला जवळ अन् कान लांब पडतात. २०१८ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी हिशेब मांडला, की १२ इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद दिसतं. ५ फुटांवरून मात्र जवळजवळ जसं आहे तसंच. म्हणजे खोटं नाक फोटोतलं, आरशातलं नव्हे!

चेहऱ्यासाठी फोटोग्राफर ८५ ते १०५ मिलिमीटरची लेन्स वापरतात, त्यातलं गुपितही हेच. लेन्समध्ये जादू नसते. ती लावली की चेहरा चौकटीत मावायला मागं सरकावंच लागतं. गौतम राजाध्यक्षांनी काढलेले नटनट्यांचे चेहरे आपण कौतुकानं पाहतो. तशी कला आपल्याला कुठली? पण चार पावलं मागं सरकणं तर जमेल!

आम्ही तेच केलं. तिला ओसरीत, दाराच्या उजेडात बसवलं. मी सहा फूट मागं गेले, फोनवर दोन पट मोठं केलं, अन् कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या रेषेत धरला. हनुवटीखाली भरलेलं असेल तर कॅमेरा किंचित वर धरावा. साडीतला उभा फोटो घेताना मात्र तो कमरेइतका खाली आणावा. नाहीतर डोकं मोठं अन् पाय आखूड दिसतात. रंग उजळायच्या बटणाला आम्ही हात लावला नाही.

फोटो बघून ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामी, ही मीच आहे."

त्या स्थळाचं काय झालं म्हणता? ते नाही जमलं. नवा फोटो त्यांना पाठवूच नका, असं तिनंच सांगितलं. आता तो तिच्या आईच्या कपाटात आहे. पुढच्या स्थळाला तोच जाईल.