बँकेखालचे जहाज

न्यूझीलंडची राजधानी वेलिंग्टन. तेथील हमरस्त्याचे नाव ‘लॅम्टन की’. ‘की’ म्हणजे बंदराचा धक्का. पण या रस्त्यावर उभे राहून समुद्र काही दिसत नाही. दिसतात ती दुकाने आणि कचेऱ्या. पदपथावर बसवलेल्या पट्ट्या वाचल्या म्हणजे उलगडा होतो. १८४० साली किनारा इथेच होता.

याच रस्त्याच्या एका टोकाला बँक ऑफ न्यूझीलंडची जुनी इमारत आहे. १९०१ साली ती पूर्ण झाली. त्याच वर्षी जानेवारीत व्हिक्टोरिया राणीचे निधन होऊन सातवे एडवर्ड गादीवर आले. त्या काळातील बँकांना आपली इमारत भारदस्त दिसावी असे वाटे. कमानी, खांब, नक्षीदार कठडे पाहून ठेवीदाराच्या मनात यावे, ‘इथे आपला पैसा सुरक्षित राहील.’ या इमारतीचा थाटही तोच आहे.

पण वेलिंग्टनमध्ये असा भारदस्तपणा सोपा नव्हता. १८४८च्या भूकंपात येथील विटांची बांधकामे ढासळली. १८५५ साली त्याहूनही मोठा धक्का बसला आणि बंदराकाठची जमीन मीटरभराहून अधिक वर उचलली गेली. लोकांनी विटांची धास्तीच घेतली. १८७६ साली उभारलेली प्रचंड सरकारी कचेरीसुद्धा लाकडाची, फक्त दिसायला दगडी! ही धास्ती कमी करणाऱ्यांत स्कॉटलंडहून आलेले वास्तुशिल्पी थॉमस टर्नबुल होते. भूकंपांचा प्रदेश असलेल्या सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी काम केले होते. नीट बांधले तर पक्के बांधकामही टिकते, हा त्यांचा विश्वास. बँकेची इमारत त्यांचीच.

१८९९ साली पाया खणताना मात्र मजुरांना लागले जहाजाचे लाकूड! ‘इनकॉन्स्टंट’ नावाचे हे जहाज १८४९ साली बंदराच्या तोंडाशी खडकावर आदळून निकामी झाले होते. जॉन प्लिमर या व्यापाऱ्याने ते ८० पौंडांना विकत घेतले, किनाऱ्याला आणून लावले आणि त्यावर वखार थाटली. लोक त्याला ‘प्लिमरची नौका’ म्हणू लागले. पुढे भूकंपाने जमीन उचलली, माणसांनी भराव घातला, समुद्र मागे हटला आणि नौका मातीखाली गेली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भूकंपाच्या भीतीने शहरातील अनेक जुन्या इमारती पाडल्या गेल्या. बँकेनेही १९८०च्या दशकात आपला कारभार जवळच्या उंच मनोऱ्यात हलवला. ग्राहक गेले, काउंटर रिकामे झाले. पाडून टाकायला कारण पुरेसे होते. पण ही इमारत राखली गेली. बाहेरचे रूप कायम ठेवून आतून तिला बळकटी देण्यात आली. या कामात, १९९७ साली, जहाजाचे अवशेष पुन्हा सापडले.

१९९९पासून येथे ‘ओल्ड बँक आर्केड’ भरते. खाली दुकाने, वर कचेऱ्या. ठरावीक वेळी छताखालचे संगीतमय घड्याळ उमलते आणि त्यातून शहराचा इतिहास डोकावतो. मुले वर पाहत राहतात. खाली पाहणाऱ्याला काचेच्या जमिनीतून जहाजाची काळवंडलेली लाकडे दिसतात. स्थैर्याची ग्वाही देणारी ही वास्तू उभी आहे ती समुद्राच्या जुन्या तळावर, एका फुटक्या जहाजाच्या सोबतीने. आणि त्या जहाजाचे ‘इनकॉन्स्टंट’ हे नावच मुळी ‘अस्थिर’ या अर्थाचे आहे!