लिस्बनची यादी



देशाटनाने माणूस शहाणा होतो, हा सुविचार आपल्या शाळेच्या फळ्यावर वर्षातून एकदा तरी लिहिला जातो. या अंकात आम्ही प्रवासाविषयीच लिहीत आहोत. हा प्रवास अजून व्हायचा आहे, येत्या मे महिन्याच्या सुट्टीत. पण तो ठरवता ठरवता आमच्या घरात जे घडले, त्यातून आम्हालाच चार गोष्टी शिकायला मिळाल्या. त्या प्रवासाआधी आपणा सर्वांना सांगाव्यात असे वाटले.

आमच्या कन्येची महाविद्यालयाची परीक्षा आणि चिरंजीवांची दहावी एकाच वर्षी संपते आहे. दोघांनी मिळून हट्ट धरला की यंदा महाबळेश्वर नको, बंगळूर नको, एकदा तरी युरोप पाहू. खूप चर्चा झाली. पॅरिस, रोम अशी नावे निघाली आणि शेवटी सर्वांचे लिस्बनवर एकमत झाले. साडेचारशे वर्षे गोव्याचा कारभार ज्या शहराच्या हुकमाने चालला, ते शहर गोव्याच्या माणसाने पाहायला हवे, असा कन्येचा मुद्दा होता. चिरंजीवांचा मुद्दा फुटबॉलचा होता. आमच्या सौभाग्यवतींनी एकच विचारले, "तिथे शिवराक मिळेल ना?"

मग तयारी सुरू झाली. ज्यांना पुढे असा प्रवास करायचा असेल त्यांच्या उपयोगासाठी थोडक्यात सांगतो. पोर्तुगाल शेंगेन देशांपैकी एक असल्याने शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि तो किमान पंधरा दिवस आधी तरी द्यावा लागतो. मोठ्या माणसाला 90 युरो शुल्क पडते, सहा ते बारा वर्षांच्या मुलांना निम्मे. व्हिसा नाकारला गेला तरी हे पैसे परत मिळत नाहीत. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतो. बँकेचे उतारे, रजेचा दाखला, राहण्याची व्यवस्था आणि कोणत्या दिवशी कुठे असणार याची यादी जोडावी लागते. आम्ही इतकी वर्षे शिक्षकांचे रजेचे अर्ज तपासत आलो. आमच्याच रजेचा दाखला मागताना मात्र अर्जाचा मसुदा तीनदा बदलावा लागला!

मोपाहून किंवा दाबोळीहून लिस्बनला थेट विमान नाही, वाटेत बदलावे लागते. मे महिन्यात तिथले घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते. हवा सुखद असते, पण शहर सात टेकड्यांवर वसलेले आहे आणि रस्ते गुळगुळीत दगडी फरसबंदीचे आहेत, म्हणून चांगल्या तळव्याचे बूट हवेत. आणखी एक महत्त्वाची गोष्ट म्हणजे तिथली बहुतेक संग्रहालये व स्मारके सोमवारी बंद असतात, आणि 1 मे रोजीही. आमच्या घरी सोमवार शिवराक, म्हणजे सोमवारी ना संग्रहालय ना मासळी, असा विनोद घरात झाला.

स्थळांची यादी कन्येने केली. पहिल्या दिवशी बायशा, म्हणजे शहराचा सखल मध्यभाग. 1 नोव्हेंबर 1755 रोजी झालेल्या भूकंपात, त्यामागून आलेल्या समुद्राच्या लाटांत आणि आगीत हा भाग उद्ध्वस्त झाला होता. नंतर पोंबालच्या मार्किसने तो सरळ रेषेतल्या रस्त्यांचा करून पुन्हा बांधवला. दुसऱ्या दिवशी नदीकाठचे बेलेम. तिथे सोळाव्या शतकातला बुरूज आणि जेरोनिमोस मठ आहे. दोन्ही 1983 सालापासून जागतिक वारसा यादीत आहेत. ज्याच्या नावाने आपल्याकडे अख्खे शहर आहे, त्या वास्को द गामाची कबर या मठात आहे. तो 1524 साली कोचीत मरण पावला आणि नंतर त्याचे अवशेष मायदेशी नेण्यात आले. तिसऱ्या दिवशी आल्फामाचा जुना भाग, टेकडीवरचा किल्ला आणि 28 क्रमांकाची प्रसिद्ध ट्राम. चौथ्या दिवशी सिंत्राचे राजवाडे. पाचव्या दिवशी फुटबॉलचे मैदान आणि मत्स्यालय. यादी सुबक अक्षरात लिहून तिने फ्रिजवर लावली.

इथपर्यंत सर्व सुरळीत होते. बिघडले ते बाजारात. डिचोलीच्या बुधवारच्या बाजारात एका परिचितांनी आम्हाला गाठून विचारले, "सर, कागद करूंक वतात?" आपल्या भागात पोर्तुगाल म्हटले की लोकांना आधी पासपोर्ट आठवतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या जन्माची नोंद तिकडे करून, त्या आधारावर अनेक घरांतील मुले परदेशी गेली. आपल्या शाळेचे माजी विद्यार्थीही त्यांत आहेत. कोणी कशासाठी जावे हा ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न आहे, त्यावर आम्ही येथे काही बोलणार नाही. आम्ही हसून "छे, फक्त बघायला" म्हटले आणि पुढे गेलो.

पण हाच प्रश्न कोणीतरी घरी येऊन आमच्या बाबांसमोर विचारला होता. बाबा आज 86 वर्षांचे आहेत. ज्यांच्या जन्माची नोंद होऊ शकेल असे आमच्या घरात ते एकटेच उरले आहेत. त्यांनी मनाशी हिशेब केला की मुलगा आणि नातवंडे लिस्बनला निघाली आहेत ती आपले नाव तिकडच्या वहीत घालायला, आणि आपल्याला विचारलेसुद्धा नाही. दोन दिवस ते आमच्याबरोबर पानावर बसले नाहीत. "भूक नाही" एवढेच म्हणत. तिसऱ्या रात्री कन्येने त्यांच्या खोलीत जाऊन खोदून विचारले तेव्हा हे कळले.

चूक आमची होती. प्रवासाचा बेत घरात महिनाभर चालला होता, पण बाबांना प्रवास झेपणार नाही असे गृहीत धरून आम्ही त्यांना त्यात घेतलेच नव्हते. आम्ही त्यांची क्षमा मागितली. आम्ही भारतीय पासपोर्टवर जाणार आणि त्याच पासपोर्टवर परत येणार, असे स्पष्ट सांगितले. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मग तिथे बघणार काय?"

कन्येने फ्रिजवरची यादी आणून वाचून दाखवली. बाबांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाले, "ह्यात आमचा एकही माणूस नाही."

त्या रात्री बाबांनी जे सांगितले ते आम्हीही पूर्वी कधी ऐकले नव्हते. त्यांना लहानपणी देवळाच्या सभामंडपात मराठी शिकवणारे एक मास्तर होते. पाटीवर बाराखडी त्यांनीच गिरवून घेतली. एका रात्री पोलीस त्यांना घेऊन गेले. चार महिन्यांनी ते परत आले, पण पुन्हा कधी मुलांसमोर उभे राहिले नाहीत. बाबा म्हणाले, "आमच्या मास्तरांना जिथून हुकूम आला ते गाव तुम्ही बघून या. पण तिथे नेऊन ज्यांना कोंडले, त्यांच्या दारावरून तरी जा."

मग त्यांनी मोहन रानडे यांचे नाव घेतले. इथे आम्हाला एक कबुली द्यायला हवी. आमचे पदवीचे शिक्षण गोव्याबाहेर हिंदी माध्यमातून झाले. प्रेमचंदांच्या कथा आम्हाला पाठ होत्या, पण आपल्याच भूमीच्या मुक्तिलढ्याचा इतिहास आम्ही नोकरी लागल्यावर तुटक तुटक वाचला. मोहन रानडे यांचे 'सतीचे वाण' हे आत्मकथन आपल्या शाळेच्या कपाटात आहे. ते आम्ही कितीदा नोंदवहीत मोजले असेल, पण उघडले या वर्षी.

मित्रहो, तुमच्यापैकी बहुतेकांना रानडे यांची माहिती नसेल म्हणून सांगतो. त्यांचे मूळ नाव मनोहर आपटे. जन्म सांगलीचा, 1930 चा. ते गोव्यात आले ते मराठीचे शिक्षक म्हणून. पुढे आझाद गोमंतक दलात सामील झाले. ऑक्टोबर 1955 मध्ये बेती येथील पोलीस चौकीवरील हल्ल्यात ते गोळी लागून जखमी झाले आणि पकडले गेले. त्यांना 26 वर्षांची शिक्षा झाली. 1960 साली त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात ठेवले. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आपल्याकडे आनंदोत्सव झाला, पण रानडे आतच राहिले. त्यांच्या सुटकेसाठी सुप्रसिद्ध गायक-संगीतकार सुधीर फडके यांनी पुष्कळ खटपट केली. अखेर जानेवारी 1969 मध्ये ते सुटले. गोवा मुक्त झाल्यानंतर सात वर्षांहून अधिक काळ हा मराठीचा शिक्षक लिस्बनच्या दारात कैदेत होता. 2019 साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्याही आधी, 1946 च्या लढ्यानंतर, टी. बी. कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांना शिक्षा ठोठावून पोर्तुगालला पाठवले होते. त्यांना लिस्बनच्या उत्तरेला समुद्रकाठी असलेल्या पेनिशच्या किल्ल्यात ठेवले होते. त्या किल्ल्यात आता प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचे राष्ट्रीय संग्रहालय आहे. ते एप्रिल 2024 मध्ये खुले झाले. खुद्द लिस्बनमध्ये, कॅथेड्रलच्या शेजारी आल्जुब नावाचा जुना तुरुंग आहे. त्याचेही 2015 सालापासून संग्रहालय झाले आहे. गंमत म्हणजे कन्येच्या यादीतली 28 क्रमांकाची ट्राम त्याच्या दारावरूनच जाते. काशियासला मात्र आत जाता येत नाही, कारण तिथे आजही कारागृह आहे.

मुलीने ही माहिती जमवून आजोबांना वाचून दाखवली. त्यात तिने आणखी एक गोष्ट सांगितली. या तुरुंगांत केवळ गोव्याचे लोक नव्हते. सालाझारच्या हुकूमशाहीविरुद्ध बोलणारे खुद्द पोर्तुगीज लोकही तिथे वर्षानुवर्षे होते. 25 एप्रिल 1974 रोजी तिथल्या सैनिकांनी ती राजवट उलथवली, लोकांनी बंदुकांच्या नळ्यांत लाल फुले खोचली, आणि दोन दिवसांच्या आत काशियासचे राजकीय कैदी बाहेर आले. त्याच वर्षाच्या अखेरीस पोर्तुगालने गोव्याचे भारतात असणे करार करून मान्य केले. बाबांना करार माहीत होता, पण तुरुंगाची हकिगत नव्हती. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे त्यांचीही पोरे आत होती."

दुसऱ्या दिवशी बाबा पानावर आले, आणि यादी नव्याने लिहिली गेली. बेलेम तसेच राहिले. बेलेम आणि काशियास ही दोन्ही स्थानके लिस्बनहून नदीकाठाने जाणाऱ्या एकाच रेल्वेमार्गावर आहेत. म्हणून सकाळी वास्को द गामाची कबर पाहायची आणि दुपारी सर्व स्थानकांवर थांबणारी गाडी धरून काशियासला उतरायचे, असे ठरले. आल्फामाच्या दिवशी किल्ल्याआधी आल्जुब. मत्स्यालयाच्या जागी पेनिश आले. आपल्या मासळीबाजारात सगळे मासे पाहिले आहेत, असे म्हणून चिरंजीवांनी स्वतःच ते सोडले. फुटबॉलचे मैदान त्यांनी सोडले नाही आणि बाबांनीही त्यांचीच बाजू घेतली! जाण्याआधी आग्वादचा तुरुंग आणि नार्व्याचे श्री सप्तकोटेश्वर मंदिर मुलांना दाखवून आणायचे, हेही ठरले. 1668 साली शिवाजी महाराजांनी ज्याचा जीर्णोद्धार करवला, ते मंदिर आपल्याच तालुक्यात आहे आणि आमच्या मुलांनी ते शाळेच्या सहलीत एकदाच, तेही घाईत पाहिले आहे.

एक छोटा गृहपाठही बाबांनीच सुचवला. पगार, चावी, बटाटा, पाव, घमेले हे आपले रोजचे शब्द पोर्तुगीजांकडून आलेले आहेत. 'तुरुंग' हा शब्दसुद्धा त्यांच्याच भाषेतून आला. असे आणखी शब्द शोधून वर्गशिक्षकांकडे द्यावेत.

बाबा प्रवासाला येणार नाहीत, गुडघे साथ देत नाहीत. "तिथून काय आणू?" असे आम्ही विचारले. म्हणाले, "काही नको. त्या काशियासला पाच मिनिटे उभे राहा. मग मुलांना काय हवे ते खायला घाल." श्री केळबायदेवीला नारळ ठेवून, गाऱ्हाणे घालून आम्ही निघू. परत आल्यावर काय पाहिले ते प्रार्थनेनंतर सांगूच.

पालकांना एकच विनंती. यंदाच्या सुट्टीत आपण कुठेही जाणार असाल, लिस्बनला असो, पंढरपूरला असो की पणजीला, स्थळांची यादी घरातल्या सर्वात वडीलधाऱ्या माणसासमोर बसून करा. त्यांना प्रवास झेपणार नसला तरीही. विद्यार्थ्यांनी ती यादी, आणि घरच्या आजी-आजोबांनी तीत घातलेले एखादे ठिकाण कारणासह लिहून जूनमध्ये शाळेत द्यावे. त्यांतील निवडक लेखन पुढील अंकात छापण्यात येईल.

सर्वांना सुट्टीच्या शुभेच्छा. लोभ आहेच, तो वाढावा.

आपले,
मुख्याध्यापक